हिशेबाची नवी आवृत्ती घ्यावी काय?

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत मंडी-शुल्क, बाजारपेठेच्या अडचणी आणि समाजकार्य यांविषयी लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. यंदा आम्ही सभासद बंधूंचे लक्ष एका लहान दिसणाऱ्या, परंतु पेढीच्या मुळाशी जाऊन भिडणाऱ्या प्रश्नाकडे वेधू इच्छितो. राजपुऱ्यापासून मंडीपर्यंत ज्या ज्या दुकानी हिशेब संगणकावर ठेवला जातो, तेथे दोन-चार वर्षांनी कोणीतरी येऊन सांगतो, "शेठजी, आता नवी आवृत्ती घ्यावी लागेल." सांगणारा कधी विक्रेता असतो, कधी करसल्लागार, तर कधी घरातलाच शिकलेला मुलगा. धनी विचारतो, "जुनीत काय बिघडले?" यास सरळ उत्तर क्वचितच मिळते. मग कोणी भीतीने नवी घेतो, तर कोणी हट्टाने जुनीच धरून बसतो. आमच्या मते हे दोन्ही मार्ग व्यापाऱ्यास शोभणारे नाहीत. पोत्यात बंबू घालून, दाणा हातावर घेऊन, मगच भाव बोलणारे आपण लोक. तीच रीत येथेही चालवावी, एवढेच आमचे सांगणे आहे.

हिशेबाची पद्धत बदलणे आपल्यास नवीन नाही. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि रुपये-आणे-पै ही तीन घरे वहीतून जाऊन रुपये व नवे पैसे अशी दोन घरे आली. पाठोपाठ १९५८ ते १९६२ या काळात शेर-मण जाऊन किलो-क्विंटल आले. पुढे दिवाळी ते दिवाळी चालणारे आपले हिशेबी वर्षही प्राप्तिकराच्या कायद्याने १९८९ सालापासून एप्रिल ते मार्च असे ठरवून दिले. हे तिन्ही बदल आपल्या वाडवडिलांनी पचविले. परंतु त्या बदलांत एक गोष्ट सुरक्षित राहिली होती. नाणी काही वर्षे जुनी-नवी बरोबर चालली, वजनांसही मुदत मिळाली, आणि मागच्या वह्या पेटीत जशाच्या तशा राहिल्या. आजोबांच्या कीर्दीवर आज धूळ असेल, पण ती उघडण्यास कोणाची परवानगी लागत नाही. संगणकातील वहीचे तसे नाही. ज्या प्रणालीने ती लिहिली ती प्रणाली, तिचा परवाना आणि ती चालविणारे यंत्र ही तिन्ही शाबूत असतील तरच ती उघडते. आवृत्तीच्या प्रश्नाचे खरे वजन येथे आहे.

आपल्या बाजारात बहुतेकांचा हिशेब 'टॅली' या प्रणालीवर चालतो, म्हणून तिचेच उदाहरण घेऊ. श्यामसुंदर गोयनका व त्यांचे चिरंजीव भरत गोयनका यांनी १९८६ साली बेंगळूर येथे हा उद्योग उभा केला. भरत गोयनका यांस २०२० साली पद्मश्री मिळाली, हे आपल्या वर्गास अभिमानाचे आहे. काळ्या पडद्यावरच्या डॉसच्या दिवसांपासून या प्रणालीच्या अनेक आवृत्त्या झाल्या. २००९ साली 'ईआरपी ९' आली, ती दहा-अकरा वर्षे चालली, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये 'टॅलीप्राइम' आली. तिच्याही पुढच्या आवृत्त्या येतच आहेत. परवाना एकदा घेतला की तो कायमचा आपला. नव्या आवृत्त्या मात्र वार्षिक वर्गणी चालू असेल तरच मिळतात. वर्गणी थांबली म्हणून हातातली आवृत्ती बंद पडत नाही, हे पुष्कळ सभासदांस ठाऊक नसते आणि म्हणून ते घाबरतात.

हा पेच केवळ दुकानदारांचा आहे असेही नाही. ज्यांच्या घरी मुलगा अथवा मुलगी स्थापत्यशास्त्र शिकली आहे, त्यांनी 'ऑटोकॅड' हे नाव ऐकले असेल. इमारतींचे नकाशे काढण्याची ही अमेरिकन प्रणाली १९८२ साली निघाली. तिच्या कंपनीने २०१६ साली कायमचे नवे परवाने विकणे बंद केले, आणि तेव्हापासून नवा ग्राहक भाड्यानेच ती वापरतो. शिवाय नव्या आवृत्तीच्या साच्यात जतन केलेला नकाशा जुन्या आवृत्तीत उघडत नाही. त्यामुळे एका कार्यालयाने नवी घेतली की त्याच्याशी काम करणाऱ्या दुसऱ्यासही घ्यावी लागते. मालकीचे भाड्यात रूपांतर होण्याचा हा वारा जगभर वाहत आहे. म्हणून कोणतीही प्रणाली घेताना आपण ती विकत घेत आहोत की भाड्याने, हे प्रथम विचारावे. घर घेताना आपण हे विचारतो. वही घेताना का विचारू नये?

आता निर्णय कसा करावा? आमच्या मते धन्याने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न असा की, कायदा खरोखर काय मागतो? १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या वेष्टनबंद व लेबल लावलेल्या धान्यावर ५ टक्के कर बसला. त्या वेळी अनेकांस सांगण्यात आले की नवी आवृत्ती घ्यावीच लागेल. वास्तविक कराचा दर मुनीमजी मालाच्या खात्यात स्वतः लिहू शकतात. १२ जून २०२३ रोजी केंद्र सरकारने गव्हावर साठामर्यादा घातली. घाऊक व्यापाऱ्यास ती ३,००० टन होती, आणि दर आठवड्यास साठा सरकारी संकेतस्थळावर नोंदवावा लागे. त्यासाठी हवा होता गोदामवार बरोबर साठा, आणि तो जुनी आवृत्तीही देत होती, जर आवक-जावक रोजच्या रोज लिहिली असेल तर. उलट ई-बिलाची गोष्ट पाहा. ऑक्टोबर २०२० मध्ये ते ५०० कोटींवरील उलाढालीस लागू झाले आणि उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आले. केवळ करमुक्त सुटे धान्य विकणाऱ्यास ते लागत नाही. परंतु जो सभासद वेष्टनबंद माल, तेल अथवा साखरही नोंदणीकृत व्यापाऱ्यास विकतो व ज्याची उलाढाल त्या मर्यादेवर आहे, त्याच्या आवृत्तीत ही सोय नसेल तर प्रत्येक बिल दुबार लिहावे लागते, आणि दुबार लिहिण्यात चूक ठरलेली. अशा सभासदाने नवी आवृत्ती घेण्यास विलंब करू नये. तात्पर्य, कायद्याची प्रत्येक नवी मागणी म्हणजे नवी आवृत्ती नव्हे. पण काही मागण्या खरोखर तशा असतात. निवड उलाढाल व मालाचा प्रकार पाहून करावी, शेजारच्या दुकानाकडे पाहून नव्हे.

दुसरा प्रश्न असा की, मागच्या वह्या उघडतील काय? वस्तू व सेवा कराच्या कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावा लागतो. २०२३-२४ या वर्षाचे विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत द्यावयाचे होते. म्हणजे त्या वर्षाची वही ३१ डिसेंबर २०३० पर्यंत दाखविता आली पाहिजे. आपल्यापैकी ज्यांची खाजगी मर्यादित कंपनी आहे, त्यांस कंपनी कायद्याने आठ वर्षे वह्या ठेवावयाच्या असतात. एवढ्या काळात यंत्र बदलते, मुनीम बदलतो, विक्रेता धंदा सोडतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०' ची नियमित देखभाल थांबविली; त्या आधारावर चालणारी यंत्रे आजही पुष्कळ दुकानी आहेत. नव्या आवृत्तीत एकदा रूपांतरित झालेली वही जुन्या आवृत्तीत बहुधा परत उघडत नाही. म्हणून बदलापूर्वी जुन्या वहीची अस्पर्शित प्रत दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी, आणि वर्षअखेरची खतावणी, रोजमेळ व ताळेबंद कागदावर छापून बांधून घ्यावा. कागदास परवाना लागत नाही.

तिसरा प्रश्न असा की, हात बसेल काय? ज्या मुनीमजींची उभी हयात पेढीवर गेली, त्यांनी साठीच्या उंबरठ्यावर संगणक शिकला. पैसे देण्यास एफ-५, घेण्यास एफ-६, विक्रीस एफ-८, खरेदीस एफ-९ ही बटणे त्यांच्या बोटांत बसली आहेत. 'प्राइम' मध्ये ही चारही तशीच राहिली. परंतु जमा-पत्र व नावे-पत्र यांची बटणे बदलली आणि पडद्याची मांडणीही फिरली. तरुण मुलास ही दोन दिवसांची गोष्ट. वृद्ध माणसास ती मानहानी वाटू शकते. आवृत्ती बदलण्याच्या निमित्ताने जुन्या माणसास घरी बसविण्याचे प्रकार बाजारात घडले आहेत. आम्ही स्पष्ट सांगतो, कोणत्या शेतकऱ्याचा माल कसा, कोणत्या आडत्याची उधारी किती दिवसांत येते, हे ज्ञान कोणत्याही आवृत्तीत मिळत नाही. नव्या आवृत्तीच्या खर्चात जुन्या माणसाच्या शिकवणीचा महिना धरलाच पाहिजे. आमच्या पेढीवर एप्रिल व मे हे दोन महिने जुनी आणि नवी अशा दोन्ही आवृत्त्यांत वही लिहिली गेली, दर शनिवारी दोन्हींचे आकडे जुळविले गेले, आणि तीन आठवडे फरक न आल्यावरच जुनी बंद झाली. काम दुप्पट झाले खरे, पण मुनीमजींची भीती गेली.

या तीन प्रश्नांच्याही आधी एक गोष्ट येते, ती धर्माची. चोरून केलेली प्रत वापरणारी दुकाने बाजारात आहेत, आणि नवी आवृत्ती टाळण्याचे खरे कारण कित्येकदा हेच असते. आपल्या अणुव्रतांत तिसरे अचौर्याचे आहे. त्याच्या अतिचारांत 'तदाहृतादान', म्हणजे चोरून आणलेली वस्तू घेणे, आणि 'प्रतिरूपक-व्यवहार', म्हणजे अस्सलाच्या जागी नक्कल चालविणे, हे दोन्ही आचार्यांनी स्पष्ट सांगितले आहेत. खोट्या मापाचा दोष तर त्याच मालिकेत आहे. तराजूत पाव किलोची खोट न करणाऱ्याने हिशेबाचे साधनच फुकट उचललेले वापरावे, हे शोभत नाही. शिवाय व्यवहारातही अशी प्रत अडचणीच्या दिवशी कोणाकडे दाद मागू देत नाही.

याच संदर्भात एका सुधारणेविषयी बोलणे अवश्य आहे. शाईच्या वहीत खाडाखोड करणारा मुनीम टिकत नसे. चूक झाली तर उलट नोंद करून ती दुरुस्त करावयाची, मूळ ओळ वाचता आलीच पाहिजे, हा दंडक होता. संगणकाने तो मोडला. मागची नोंद हळूच बदलता येऊ लागली आणि खूणही राहीना. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांस कायद्याने अशीच प्रणाली वापरावी लागते, जीत प्रत्येक फेरफाराची नोंद कायम राहते व ती बंद करता येत नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या पेढ्या एकट्याच्या अथवा भागीदारीच्या आहेत. त्यांस हे बंधन नाही. तरीही आमचे मत असे की नव्या आवृत्तीतील ही एकच सोय, भाऊबंदकीच्या भागीदारीत, बाकी सर्व सोयींहून मोलाची आहे. कोणी, केव्हा, काय बदलले हे उघड राहिले तर दोन भावांच्या मनात किंतु शिरत नाही. पडद्याचे रंग आणि व्हॉट्सअॅपवर बिल पाठविण्याची सोय ही त्यानंतरची गोष्ट.

एवढे सांगून आम्ही मंडळापुढे तीन सूचना ठेवितो. पहिली, दरवर्षी फेब्रुवारी महिन्यात सभासद व त्यांचे मुनीम यांची एक सभा घ्यावी. तीत कायद्याने काय बदलले व कोणास नवी आवृत्ती लागेल हे करसल्लागाराने, विक्रेत्याने नव्हे, समजावून सांगावे. म्हणजे ज्यास बदलावयाचे त्यास १ एप्रिलचा मुहूर्त साधता येईल. वर्षाच्या मध्ये वही फिरविणे टाळावे. दुसरी, मंडळाच्या कार्यालयात एक परवानाधारक संगणक जुन्या वह्या वाचण्यापुरता राखून ठेवावा, जेथे यंत्र बिघडलेल्या लहान दुकानदारास मागील वर्षांचा हिशेब काढून मिळेल. तिसरी, ज्या तरुण सभासदांस व आपल्या ज्या कन्या-सुनांस हे काम चांगले येते, त्यांनी आठवड्यातून एक सायंकाळ वृद्ध मुनीमांस द्यावी. आपल्या समाजात शास्त्रदानाची परंपरा आहे. हेही ज्ञानदानच होय.

मोठ्या पेढीस आवृत्तीचा निर्णय चुकला तर थोडे पैसे जातात. लहान दुकानदाराचा चुकला तर नोटिशीच्या दिवशी त्याच्याजवळ दाखविण्यास वहीच नसते, आणि खरेपणाने केलेला व्यापार सिद्ध करता येत नाही. तो दिवस आपल्या कोणाही सभासदावर येऊ नये, याची तजवीज येत्या एप्रिलपूर्वी मंडळाने करावी, अशी आमची नम्र विनंती आहे.