गाडी आपली, तर फ्यूजही आपलाच!

आपल्याकडे तालुक्याच्या गावांत एक अलिखित नियमच होऊन गेलाय. घरात नवी गाडी आली की ती 'ह्यांची' आणि जुनी आपली! मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, पण आजही कितीतरी जणी मुलांच्या शाळेपासून बचत गटाच्या बैठकीपर्यंत तीच चालवताहेत. गाडीबद्दल तक्रार नाही. मात्र तिच्यात मोबाइल चार्ज होत नाही आणि मागे घेताना सावध करणारा सेन्सर नाही. नव्या मोटारींना हा सेन्सर १ जुलै २०१९ पासून सक्तीचा झाला. जुनी गाडी चालवणाऱ्या बाईच्या मागे मात्र लेकरं खेळत नसतात की काय?

विषय काढला की घरात उत्तर ठरलेलं, 'बघू, लावून घेऊ कधीतरी.' ते 'कधीतरी' येत नाही. कारण आपण फक्त किल्ली फिरवायची, बोनेट दुसऱ्याने उघडायचं, हे आपणच मान्य करून टाकलंय. मैत्रिणींनो, मिक्सरचा प्लग बदलणाऱ्या आणि इन्व्हर्टरमध्ये पाणी घालणाऱ्या आपण, १२ व्होल्टच्या बॅटरीला का घाबरायचं?

मी आर्ट्सची पदवीधर. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता! तरीही आमच्या महिला मंडळातल्या सहा-सात जणींनी गावातल्या एका अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनदादांना बोलावून चार रविवार हे काम शिकून घेतलं. चार्जर आणि सेन्सर आपापल्या गाडीत स्वतःच्या हाताने बसवले. त्यातून जे कळलं, ते सांगण्यासाठी हा प्रपंच.

पहिली गोष्ट आपल्या अंगावरची. पाटल्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवा, मंगळसूत्र आत सारा, पदर किंवा ओढणी घट्ट खोचा. १२ व्होल्टचा झटका सहसा जाणवत नाही, पण बॅटरीच्या दोन टोकांमध्ये बांगडी आडवी आली, तर ती क्षणात लालबुंद तापते. नंतर बॅटरीची निगेटिव्ह, म्हणजे काळी वायर आधी सोडायची आणि काम संपल्यावर सर्वांत शेवटी जोडायची. गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्हलाच जोडलेला असतो. ती वायर सुटली, की पाना चुकून पत्र्याला टेकला तरी ठिणगी उडत नाही.

दुसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट फ्यूज. जुन्या घरांतला चिनी मातीचा फ्यूज आठवतो ना? तो सारखा उडतो म्हणून कुणीतरी त्यात जाड तार घालायचं आणि मग भिंतीतली वायर जळायची. गाडीतही अगदी तसंच. बॅटरीवरून थेट ओढलेली वायर पत्र्याच्या कडेला घासून सोलली, तर मध्ये फ्यूज नसल्यास तीच पेटते. म्हणून नवीन वायरचा फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ, तितका चांगला. हिशेब सोपा आहे. वॅटला १२ ने भागलं की अँपिअर मिळतात. ५५ वॅटचा दिवा साडेचार अँपिअरच्या आसपास घेतो, मोबाइलचा चार्जर त्याहून बराच कमी. फ्यूज वायरला झेपेल एवढाच हवा. तो उडाला तर मोठा घालू नका, का उडाला ते शोधा.

सेन्सरची वीज मागच्या पांढऱ्या रिव्हर्स दिव्याच्या वायरवरून घेतात, म्हणजे रिव्हर्स गिअर टाकला की तो आपोआप सुरू होतो. बंपरला भोक पाडण्यापूर्वी दोनदा मापा, एकदा पाडा. बाजारातल्या बहुतेक स्टिरिओंना पिवळी वायर कायम विजेची, लाल किल्लीवरची आणि काळी पत्र्याची असते. लाल वायरही कायम विजेवर जोडली, तर सकाळी बॅटरी उतरलेली सापडू शकते. रंगावर विसंबू नका, दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घेऊन खात्री करा. आणि सेन्सर लावला तरी मान वळवायचीच. बुटका दगड किंवा बारीक खांब त्याला हुकू शकतो.

काही ठिकाणी मात्र हात लावायचा नाही. एअरबॅग असेल तर तिच्या वायरी, ब्रेक आणि गॅस किटचं काम जाणकाराकडेच. १०० वॅटचे दिवे मूळ वायरिंगवर लावले तर होल्डर वितळतो, शिवाय समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. सेंट्रल लॉक लावलं, तर दार हाताने आतून उघडतं ना, हे स्वतः तपासा. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या पुरात काही जण बंद गाडीतच अडकून गेले, हे विसरून चालणार नाही.

'मग इलेक्ट्रिशियनने काय करायचं?' असं कुणी विचारेल. त्याच्याकडे जायचंच आहे, पण 'दादा, फ्यूज कुठे लावलात? दाखवा,' असं विचारता यायला हवं. असं विचारणाऱ्या बाईच्या गाडीत नुसत्या चिकटपट्टीचे जोड घालायला कुणी धजत नाही.

गाडी चालवायला शिकलो, तेव्हा आपलं घराबाहेरचं जग मोठं झालं. आता त्याच गाडीचं बोनेट उघडायला शिकू या. येत्या रविवारी निदान एवढं करा. गाडीचं पुस्तक काढा, फ्यूजची पेटी शोधा आणि कोणता फ्यूज कशाचा, ते लेकीला सोबत घेऊन वाचा. तिलाही कळू दे, की हे काम आईला येतं!