ऋषीचे कूळ आणि न्यायाधीशाचे निकाल

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, असे आपले पूर्वज सांगून गेले. परदेशी न्यायाधीशांच्या बाबतीत मात्र आपल्या वृत्तपत्रसृष्टीने हा उपदेश बासनात गुंडाळून ठेवलेला दिसतो. अमेरिकेचे न्यायमूर्ती श्रीकांत श्रीनिवासन यांना तिने दिलेली प्रसिद्धी हे याचे ठळक उदाहरण होय.

श्रीनिवासन यांचा जन्म चंदीगडचा, बालपण कॅन्सस राज्यातले. २०१३ साली सेनेटने ९७ विरुद्ध शून्य मतांनी त्यांची कोलंबिया जिल्ह्याच्या संघीय अपील न्यायालयावरील नेमणूक मान्य केली. अशा न्यायालयावर बसणारे ते दक्षिण आशियाई वंशाचे पहिले गृहस्थ. या गोष्टीचा येथे कोणास आनंद वाटला तर तो स्वाभाविकच आहे. त्यांनी भगवद्गीतेवर हात ठेवून शपथ घेतली, हे वृत्तही कौतुकाने छापले गेले. पण कौतुकाच्या पुढे कोण गेले?

फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यायमूर्ती स्कालिया निवर्तले आणि सर्वोच्च न्यायालयात ‘आपला माणूस’ जाणार काय, या चर्चेला ऊत आला. मार्चमध्ये अध्यक्ष ओबामांनी मेरिक गार्लंड यांचे नाव पुढे केले आणि हा उत्साह ओसरला. वस्तुतः खरी बातमी पुढेच होती. सेनेटने गार्लंड यांची साधी सुनावणीही घेतली नाही आणि जानेवारी २०१७ मध्ये ते नामनिर्देशन आपोआप संपले. न्यायाधीशांच्या नेमणुका पक्षीय बळावर कशा अडतात, याचा हा धडा आपल्यालाही उपयोगी होता.

२०२० मध्ये श्रीनिवासन त्या न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले, तेव्हाही हा जणू कोणी बहाल केलेला मान आहे, अशा थाटात लिहिले गेले. ते पद निवडीने मिळत नाही. पासष्ट वर्षांखालील ज्येष्ठतम न्यायाधीशाकडे ते नियमानुसार जाते.

आणि निकाल? जून २०१६ मध्ये त्यांनी व न्यायमूर्ती टेटल यांनी मिळून इंटरनेट पुरवठादारांनी सर्व मजकुरास समान वागणूक द्यावी, हा दूरसंचार आयोगाचा नियम उचलून धरला. त्याच वर्षी आपल्या दूरसंचार नियामकानेही भेदभावी दरांना मनाई केली होती. २०१५ मध्ये मात्र त्यांनीच लिहिलेल्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाच्या प्रांगणातील निदर्शनांवरची बंदी वैध ठरविली. अभिव्यक्तिस्वातंत्र्याची चाड असणाऱ्यांनी त्यावर वाद घालावा, इतका तो महत्त्वाचा आहे. या दोन निकालांतून जो न्यायाधीश दिसतो, तो जन्मस्थानाच्या उल्लेखातून कधीही दिसणार नाही.

वंशाच्या अभिमानातील धोका याहून मोठा आहे. आज ज्यास आपण ‘आपला’ म्हणून मिरवतो, त्याने उद्या आपल्या हितसंबंधांविरुद्ध निकाल दिला, तर त्यास कृतघ्न म्हणण्यास आपण मोकळे होतो. न्यायाधीश कोणाचाच नसतो. तो कायद्याचा असतो. रामशास्त्री प्रभुणे माहुलीचे, हे किती जणांस ठाऊक आहे? राघोबादादांस त्यांनी तोंडावर दोषी ठरविले, हे मात्र प्रत्येक मराठी मुलास ठाऊक असते.

परदेशात भारतीय नावाचा न्यायाधीश दिसला की त्याचे गाव जरूर छापावे; परंतु त्याच बातमीत त्याने काय निकाल दिला आणि कोणत्या कारणांनी दिला, हेही वाचकांस सांगावे. वाचकांनीही वृत्तपत्रांकडे तेच मागावे, असे आम्हांस वाटते.