पंखा बसवण्याआधी

विमान पुढे कसे जाते असे विचारले, की तुमच्यापैकी बहुतेक जण न्यूटनचा तिसरा नियम सांगून मोकळे होतात. पंखा हवा मागे ढकलतो, विमान पुढे सरकते. उत्तर बरोबर आहे, गुणही मिळतात. पण गोष्टीला खरी गंमत येते ती यानंतर, आणि आपण नेमके तेथेच पुस्तक मिटतो.

लायकमिंग कंपनीचे ओ-३६० हे इंजिन घ्या. चार सिलिंडर, १८० अश्वशक्ती, मिनिटाला २७०० फेरे. छोट्या विमानांत ते पुष्कळ आढळते. त्याच्यावर साधा पंखा बसवतात, त्याच्या पात्यांचा कोन कायमचा ठरलेला असतो. एकच गिअर असलेली सायकल म्हणा ना. दुसरा पंखा स्थिरगती. विमान खाली झेपावले आणि फेरे वाढू लागले, की गव्हर्नरमधली फिरती वजने बाहेर फाकतात, झडप उघडते, दाबाखालचे तेल पंख्याच्या तुंब्यात शिरते आणि पात्यांचा कोन वाढवते. भार वाढतो, फेरे पूर्ववत होतात. जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला जोडलेल्या गव्हर्नरचाच हा वंशज.

आता साधा पंखा काढून हा दुसरा बसवायचा आहे. बोल्ट सोडले, नवे आवळले, झाले काम? नाही. तेल पंख्यापर्यंत जाणार कोठून? क्रँकशाफ्टच्या पोकळ नाकातून. (काही उपप्रकारांत हा दांडा भरीवच असतो, तेथे प्रश्नच मिटला.) साध्या पंख्यासाठी या पोकळीत दोन बुचे असतात. पुढचे बंद, आतले मुद्दाम भोक पाडलेले. झिरपून आलेले तेल भोकातून मागे इंजिनात परतते, पुढच्या बुचावर दाब साठत नाही. नव्या पंख्यासाठी याच्या उलट हवे. पुढचे बूच काढायचे, आतले बदलून बिनभोकाचे बसवायचे, गव्हर्नर आणि त्याची तेलनळी जोडायची, आणि धातूचा एक कीसही आत राहू द्यायचा नाही.

भोकाचे बूच तसेच राहिले तर? बाहेरून सारे झकास दिसेल. पण दाब आतल्या आत गळून जाईल, पाती कमी कोनावरच राहतील आणि वेग वाढताच इंजिन फेऱ्यांची मर्यादा ओलांडेल. एवढ्याशा बुचापायी!

म्हणून प्रयोगशाळेतल्या आपल्या रिवाजाबद्दल माझी तक्रार आहे. उपकरण टेबलावर जुळवून ठेवलेले असते, विद्यार्थी येतो, कळ दाबतो, वाचने घेतो. जोडणीआधी काय तपासले, हे त्याला कोणी विचारत नाही. प्रात्यक्षिकाच्या ३० गुणांपैकी निदान १० या प्रश्नाला असावेत. वेळ पुरत नाही, असे माझे सहकारी म्हणतात. एक प्रयोग कमी करा, असे मी म्हणतो.

परीक्षेची वाट कशाला पाहता? घरचा सायकलपंप घ्या. तोंडावर बोट घट्ट दाबून दांडा रेटा. मग बोट तसेच ठेवून, आतला वॉशर काढून पुन्हा रेटा. या दोन खेपांपैकी कोणती पुढचे बूच विसरल्यासारखी आणि कोणती आतले, ते वहीत लिहा.