पंधरवड्याची सेवा

भाचीनं मोबाइल माझ्यापुढे धरला. निळा समुद्र, नारळाची झाडं, झाडांखाली दहा-बारा सावळी पोरं आणि त्यांच्या मधोमध टी-शर्ट घातलेली एक गोरी मुलगी. खाली मजकूर : सामुदायिक आरोग्य आणि शिक्षण प्रकल्प, कंबोडिया, दोन आठवडे. राहणं-खाणं धरून सव्वा लाख, विमानाचं भाडं वेगळं, शेवटी प्रमाणपत्र. भाची आयुर्वेदाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कोल्हापुरातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये ती एका एजंटाचं भाषण ऐकून आली होती आणि तिच्या वर्गातल्या आणखी तिघी पैसे भरायच्या तयारीत होत्या.

"छान आहे," मी म्हणालो, "पण या मुलीला त्या पोरांची भाषा येते का, तेवढं विचार."

"तुमचं आपलं कायतरीच असतंय मामा," असं म्हणून तिनं फोन काढून घेतला.

कायतरीच नव्हतं. पण जेवणाच्या ताटावर नीट सांगताही आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

एजंटाचा पहिला मुद्दा असा होता की ही संधी नवी आहे, जग जवळ आलंय आणि आता कोल्हापूरची मुलंसुद्धा जगाची सेवा करू शकतात. हे नवं अजिबात नाही. फक्त बाजू बदलली आहे. १८५२ साली रॉयल वायल्डर नावाचा अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आला. त्यानं इथं शाळा काढल्या, संसार केला. त्याचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरातच जन्मला. हाच रॉबर्ट पुढं अमेरिकेत शिकायला गेला आणि १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मनच्या शिबिरात त्यानं कॉलेजच्या पोरांना परदेशी जाण्याच्या प्रतिज्ञेला उभं केलं. शंभर जण तयार झाले आणि त्यातून विद्यार्थी स्वयंसेवकांची एक मोठी चळवळ उभी राहिली. म्हणजे कॉलेजच्या मुलांनी स्वतःला 'स्वयंसेवक' म्हणवून घेत दूरच्या उष्ण देशांत जायचं, ही कल्पना ज्यांनी रुजवली त्यांतला एक जण पंचगंगेचं पाणी पिऊन वाढलेला होता. भाचीनं दाखवलेल्या चित्रातली ती दहा-बारा पोरं म्हणजे एके काळचे आपणच. या विषयावर कोल्हापूरकराला बोलायचा अधिकार आहे तो त्यामुळे. आपण मदतीच्या घेणाऱ्या टोकाला उभे राहिलेली माणसं आहोत.

इथं कुणीतरी लगेच म्हणणार की ती मंडळी धर्मप्रसाराला आली होती. आलीच होती, आणि ते त्यांनी कधी लपवलंही नाही. त्या हेतूबद्दल माझंही मत फार बरं नाही. पण त्यांच्यावर एक आरोप करता येत नाही, पंधरा दिवसांत निघून गेल्याचा. कॅनडाचे डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली हिंदुस्थानात आले, १८९४ साली त्यांनी मिरजेत रुग्णालय उभं केलं आणि १९२८ पर्यंत ते तिथंच राबले. इथल्याच मुलामुलींना त्यांनी हाताशी धरून शिकवलं. डोंगरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी 'मिरजेला न्या' याचा अर्थ आजही 'चांगल्या डॉक्टरला दाखवा' असा होतो. एका गावाचं नावच औषधाच्या जागी बसलं. ती चाळीस वर्षांची कमाई आहे.

एजंटाचा दुसरा मुद्दा सगळ्यांना पटणारा, म्हणून जास्त फसवा : काहीच न करण्यापेक्षा थोडं केलेलं बरं. ऑगस्ट २०१९ चा महापूर ज्यांनी पाहिला त्यांनी तरी हे वाक्य जपून उच्चारावं. शिरोळ तालुक्यात, चिखली-आंबेवाडीत पाणी ओसरायच्या आधी गाड्या येऊन थडकल्या. मदत आली याचं अप्रूप होतं, आणि त्यातली पुष्कळशी खरोखर उपयोगी पडली हेही खरं. पण कपड्यांचे ढीग! लुगडं नेसणाऱ्या बायकांपुढे जीन्स, लहान पोरांच्या गावात थ्री-पीस सूट, आणि सगळं भिजून कुजायला लागलेलं. ज्यांच्या घरात चिखल होता त्यांनाच ते ढीग आवरावे लागले. मदत घ्यायलाही माणसं लागतात, जागा लागते, वेळ लागतो, आणि तो खर्च देणाऱ्याच्या हिशेबात कधीच येत नाही. त्या पुरात खरे धावले ते तालमीतले पोरगे आणि गावचे नावाडी. पाणी आधी कुठल्या बोळात शिरतं आणि कुणाच्या माडीवर अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, हे त्यांना तोंडपाठ होतं. 'थोडं' केलेलं बरं ठरतं ते माहीत असलेल्या माणसाच्या हातून.

आता त्या प्रकल्पातलं प्रत्यक्ष काम बघू. सकाळी शाळेत इंग्रजी शिकवायचं, दुपारी वस्तीत 'आरोग्य तपासणी'. भाची दुसऱ्या वर्षाला आहे. इथल्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात तिला एकटीनं रुग्णाला हात लावू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मग जी गोष्ट तिला कोल्हापुरात करायची परवानगी नाही, ती नारळाच्या झाडाखाली केल्यावर सेवा कशी होते? माणूस गरीब असला की त्याच्यावर हात साफ करायला हरकत नाही, असाच याचा अर्थ निघतो. भाची तसं म्हणणार नाही. ते पोस्टर तिच्या वतीनं म्हणतंय.

आणि शाळेचं काय? उलटं करून बघा. मराठीचा एक शब्द न येणारी एकोणीस वर्षांची परदेशी मुलगी भुदरगडातल्या एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पंधरा दिवस तिसरीच्या वर्गावर उभी केली, ती गेली की दुसरी, मग तिसरी. प्रत्येकीनं रंगांची नावं पहिल्यापासून शिकवायची. (खरं सांगायचं तर आपण तिला आधी फेटा बांधू आणि तांबडा-पांढरा वाढू. पालकांची तक्रार पाचव्या मुलीच्या वेळी सुरू होईल.) ज्या शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्यांनी त्यासाठी हुकूम काढला, तिजोरी उघडली, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. शाळा रोज उघडायची असते. कोणाच्या सुट्टीच्या सोयीनं ती उघडता येत नाही.

अनाथाश्रमांचा प्रकार याहून वाईट. कंबोडिया, नेपाळ अशा देशांत पाहुणे वाढले तशी आश्रमांची संख्याही वाढत गेली, आणि आतल्या पुष्कळ मुलांचे आई किंवा बाप हयात असल्याचं उघड झालं. पाहुण्याला अनाथ हवा असतो, म्हणून अनाथ तयार होतो. २०१८ साली ऑस्ट्रेलियानं आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, तेव्हा मुलांना अशा कमाईसाठी आश्रमांत आणण्याचीही दखल घेतली गेली.

एवढं वाचून आमच्या कट्ट्यावरचे काही मित्र खूश होतील. त्यांचं म्हणणं पहिल्यापासून हेच : आपल्याच जिल्ह्यात काय कमी आहे? आधी गगनबावड्याला जा, मग कंबोडियाला. हे म्हणणाऱ्यांपैकी गगनबावड्याला गेलेला मला अजून भेटायचाय, बर्की-पळसंब्याचा धबधबा सोडून. आणि जे जातात त्यांचं तरी काय? मीही गेलो आहे. एका धनगरवाड्यावर आरोग्य शिबिर होतं. आम्ही सकाळी दहाला पोचलो, बॅनर बांधला, टेबलं मांडली, ऐंशी-नव्वद जणांचं ब्लडप्रेशर मोजलं, ज्यांचं वाढलं होतं त्यांना गोळ्या दिल्या आणि चारच्या आत घाट उतरलो. नावं लिहून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. एका आजीनं गोळ्यांची पुडी हातात घेऊन विचारलं, "ह्या किती दिसाच्या?" पंधरा दिवसांच्या, मी सांगितलं. "आणि मग पुढं कोण येणार?" ब्लडप्रेशरची गोळी बहुतेकांना कायमची घ्यावी लागते, हे मला ठाऊक होतं. आजीला ते माझ्या आधी कळलं होतं. उत्तर मी दिलं नाही, पुढचं नाव लिहिलं.

तेव्हा दोष पासपोर्टचा नाही. कोल्हापूरहून पन्नास किलोमीटरवरही कंबोडिया करता येतो. आणि 'आधी आपलं घर' हाच नियम सगळ्यांनी पाळला असता तर सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनला गेलेच नसते. १९३८ साली काँग्रेसनं पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते. आपल्याकडे ही कथा माहीत आहे ती बरीचशी आपल्याच मातीतल्या शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटामुळे, आणि चित्रपटात साहजिकच युद्ध आणि प्रेम यांना जागा जास्त. मला त्यातला सर्वांत मोठा भाग वाटतो तो नीरस आहे : हा माणूस चिनी भाषा शिकला. इतकी शिकला की त्या भाषेत विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवू लागला. १९४१ साली बेथून रुग्णालयाचा प्रमुख झाला, शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक लिहायला घेतलं. बाकीचे परतले, तो राहिला, आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेला. त्यानं शिकवलेले लोक मात्र तिथंच होते.

इतकं लांब जायचं नसेल तर आजऱ्याजवळच्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक बघा. पुढं शिक्षणाच्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झालेला हा माणूस. सविनय कायदेभंगात बळ्ळारीच्या तुरुंगात पडला, तर तिथं आजारी कैद्यांची शुश्रूषा करता करता कानडी शिकला. सुटल्यावर धारवाडकडच्या उप्पिन बेटगेरी या गावात जाऊन राहिला आणि तिथल्या शाळेचं, आरोग्याचं काम धरलं. मराठी माणूस, कानडी गाव. सीमेच्या नावानं घसा ताणणाऱ्यांनी हे एकदा मनात घोळवायला हरकत नाही.

मग माझं म्हणणं काय? बाहेर जाऊन केलेल्या कामाला सेवा म्हणायचं की नाही, हे ठरवायला मी दोनच गोष्टी बघतो. तिथलं कोणी तुम्हाला 'हे करू नका' म्हणू शकतं का? आणि तुम्ही गेल्यावर ते काम करणारं कोण उरतं? अमेरिकेचे पुढे अध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांच्या आई लिलियन, अडुसष्टाव्या वर्षी, १९६६ साली पीस कोअरतर्फे मुंबईत विक्रोळीला आल्या आणि दोनेक वर्षं तिथल्या दवाखान्यात नर्स म्हणून राबल्या. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. आयुष्यभर ज्या कामात हात मुरला तेच काम त्यांनी इथं दुसऱ्यांच्या हाताखाली केलं. माझ्या पहिल्या प्रश्नाला त्या उतरतात, दुसऱ्याला कितपत उतरतात याबद्दल मला शंका आहे.

दोन्ही प्रश्नांना पुरून उरतं ते जामखेड. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला शिकून आले आणि १९७० साली त्यांनी नगर जिल्ह्यातल्या त्या दुष्काळी तालुक्यात काम सुरू केलं. गावोगावच्या बायका, पुष्कळशा निरक्षर, काही दलित वस्तीतल्या, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग, कुपोषण, सगळं त्या बायका बघू लागल्या. आणि आता गंमत अशी की देशोदेशीचे डॉक्टर आणि विद्यार्थी जामखेडला येतात ते शिकायला. फी भरून, त्या बायकांपुढे बसून. मला यात काही गैर दिसत नाही, उलट हाच प्रामाणिक व्यवहार वाटतो. भाचीच्या सव्वा लाखाला माझा विरोध नाही. त्याला 'दान' म्हणू नये, 'फी' म्हणावं, आणि फी घेणाऱ्यानं शिकवावं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हेच वेगळ्या तऱ्हेनं केलं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेलं त्यांचं काम सांगतं की एकोणचाळीस गावांत, घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेणाऱ्या गावच्याच बायकांमुळे नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. त्या बायकांनी बाळाचं वजन केलं, श्वास मोजले, गरज पडली तर इंजेक्शन दिलं. पंधरा दिवस नव्हे, वर्षानुवर्षं, आणि पावसाळ्यातसुद्धा.

याच वाटेवरून पुढं सरकारी योजनेत आशा आल्या. त्यांचं सरकारी नाव ऐका : आशा स्वयंसेविका. स्वयंसेविका! म्हणून पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. करोनात त्या दारोदार फिरल्या, २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांचा गौरव केला, आणि वाढीव मानधनाच्या हिशेबासाठी त्यांना आझाद मैदानात बसावं लागलं. एकाच शब्दाच्या एका टोकाला सव्वा लाख भरून पंधरा दिवस स्वयंसेवक होणारी मुलगी, आणि दुसऱ्या टोकाला बारा महिने राबून आपल्या पैशांसाठी ऊन खाणारी बाई. हा शब्द आपण कुणाच्या सोयीनं वापरतो, हे एजंटाला विचारण्यात अर्थ नाही.

भाचीशी पुन्हा बोललो. तिनं त्या एजंटाला माझे दोन प्रश्न पाठवले होते. उत्तरात सवलतीचा कोड आला. तिघींपैकी दोघी जाणार आहेत, त्यांनी जावं, फिरून यावं, अंगकोर बघावं. तेवढ्यासाठीही जाण्यासारखा देश आहे. भाचीचं अजून ठरलेलं नाही. पण तिच्या आजोळच्या गावातल्या, म्हणजे आमच्याच गावातल्या आशाताईंना मी फोन लावून दिला. सुट्टीत पंधरा दिवस तुमच्याबरोबर फिरू का, असं भाचीनं विचारलं.

"ये की," पलीकडून आवाज आला. "पण पोरी, बाळंतिणीच्या खोलीत फोटो न्हाई काढायचा. आणि वही मी सांगीन तशीच भरायची. सकाळी सातला एस्टी स्टँडवर थांब, मी वाट बघत न्हाई कुणाची."