नावाची वेस

दिवाळीच्या सुमारास आमच्या अकलूजला घोड्यांचा बाजार भरतो. मराठीच्या प्राध्यापकाला घोडा घेऊन करायचे आहे काय? तरी माझी एक फेरी होतेच. घेणारा जनावराचे दात पाहतो, भोवरे पाहतो, चाल पाहतो. नाव कोणी विचारत नाही. व्यवहार झाला, की लगाम ज्याच्या हाती घोडा त्याचा! व्यापारातल्या नावाचेही असेच असते, हे मला एका जुन्या विद्यार्थ्यामुळे कळले.

हा विद्यार्थी बी. ए. ला माझ्या वर्गात होता. कविता त्याला फारशी कळली नाही, शेंगदाणा मात्र पुरता कळला. तो आणि त्याची बायको उखळात कुटलेली सोलापुरी शेंगाचटणी करून विकू लागली, तेव्हा दोघे माझ्याकडे आली. "सर, चटणी आमची, नाव तुम्ही द्या." मी तीन दिवस शब्दकोश चाळला आणि एक नाव काढून दिले. ते मी इथे छापत नाही; कारण सध्या ते कोणाचे, हेच ठरायचे आहे.

नाव रीतसर नोंदवले गेले. प्रमाणपत्र आले, पेढे आले. पेढा तोंडात असतानाच मी बोलून गेलो, "आता जगात कुठेही जा, नाव तुझेच!" माझे इतके महाग पडलेले वाक्य दुसरे नसेल.

चटणी आखातातल्या एका देशात जाऊ लागली. तिथला एक व्यापारी माल उतरवून घेई आणि दुकानांना पुरवी. चार वर्षे सुखाची गेली. मग यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला माल देण्याचे ठरवले, तेव्हा त्या व्यापाऱ्याचा निरोप आला: या नावाची नोंद इथे माझी आहे, दुसऱ्या कोणाला माल धाडलात तर बंदरावर अडेल.

दोघे रात्री घरी आली. तो मान खाली घालून बसला होता. तीच म्हणाली, "सर, लेकरू आमचं, बारसं तुम्ही केलं, अन् दाखल्यावर बापाचं नाव तिसऱ्याचंच! असं कुठं असतंय का?"

असते. गावाला वेस असते, तशी नावाच्या हक्कालाही असते, आणि ती देशाच्या सरहद्दीवर संपते. आपल्याकडची नोंदणी आपल्याच देशापुरती. पुष्कळ देशांत आधी वापरले कोणी हे दुय्यम. आधी नोंदवले कोणी, हे मुख्य. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण आपण ऐकत आलो. इथे वाळा खरा सोन्याचा, पण सोनूबाई हे नावच शेजारणीने लिहून घेतलेले!

आमच्या चटणीची काय कथा, कोल्हापुरी चपलेसारख्या नामांकित वस्तूचीही हीच गत झाली. 2019 साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार, असे आठ जिल्हे त्यात आहेत. आमचा सोलापूर त्यांतला एक. म्हणजे आमच्या तालुक्यातल्या कारागिरालाही त्या नावावर हक्क सांगता येतो. पण जून 2025 मध्ये इटलीत मिलान येथे प्राडा या बड्या कंपनीने तसल्याच चपला मिरवल्या, आणि कोल्हापूरचा उल्लेखसुद्धा केला नाही. इकडे गदारोळ झाला, तेव्हा कुठे त्यांनी मूळ कबूल केले. जुलैत मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. नोंदलेले हक्कदार तुम्ही नव्हेत, म्हणून ती फेटाळली गेली. हक्कदार होती दोन राज्यांची चर्मोद्योग महामंडळे. अखेर डिसेंबरात त्याच महामंडळांशी कंपनीने करार केला: 2000 जोड इथल्या कारागिरांकडून करून घ्यायचे, आणि जोडाची किंमत सुमारे 800 युरो.

शेवट गोड झाला, पण तो लोकलाजेने. मिलानला आपला कायदा पोचला नव्हता. पोचली ती ओरड. शेंगाचटणीसाठी अशी ओरड कोण करणार?

मग मी, कधी नव्हे तो, कायद्याची पुस्तके उघडली. आपल्या देशात नोंदणीचा अर्ज केल्यापासून 6 महिन्यांत परदेशी अर्ज केला, तर तिथेही आपल्या इथल्याच तारखेचा मान मिळतो. शिवाय 2013 पासून भारत माद्रिद करारात आहे. आपल्या कचेरीमार्फत एकच अर्ज जिनिव्हाला जातो, आणि त्यात हवे तेवढे सभासद देश निवडता येतात. मूळ शुल्क साध्या काळ्या-पांढऱ्या चिन्हाला 653 स्विस फ्रँक, वर प्रत्येक देशाचे वेगळे. त्या त्या देशाची कचेरी अर्ज तपासून होय-नाही ठरवते. रक्कम ऐकून विद्यार्थी दचकला. मी म्हटले, "आणि नाव सोडवून घ्यायला किती लागतील?" तो काही बोलला नाही.

पण वाट अगदीच बंद नाही. 1883 च्या पॅरिस करारात पुढे घातलेले एक कलम आहे: प्रतिनिधीने मालकाच्या संमतीवाचून मालकाचे चिन्ह स्वतःच्या नावे नोंदवले, तर मालकाला ती नोंद रद्द करून मागता येते, तिथला कायदा देत असेल तर आपल्या नावे करूनही मागता येते. मात्र तो आपला प्रतिनिधी होता, हे दाखवावे लागते. म्हणून दोघांनी माळ्यावरची खोकी खाली काढली. चार वर्षांची बिले, लेबलांचे कच्चे नमुने आणि त्या व्यापाऱ्याचाच जुना मजकूर सापडला: 'तुमच्या नावाच्या आणखी शंभर पेट्या पाठवा.' 'तुमच्या' या एका सर्वनामावर आता वकिलाची भिस्त आहे. वर्गात सर्वनामे शिकवताना मुले पेंगतात. त्यांना हा दाखला सांगायचे मी ठरवले आहे.

निकाल केव्हा लागेल, देव जाणे. तोवर दोघांनी हात जोडून बसायचे नाही असे ठरवले आणि ज्वारीच्या कडक भाकरीचा नवा जिन्नस काढला. तिने पुन्हा नाव मागितले. या खेपेला मी शब्दकोश उघडण्यापूर्वी विचारले, "माल कुठे कुठे जायचाय?" तिने बोटांवर देश मोजले. इथला अर्ज झाला, पाठोपाठ बाहेरचाही गेला. पहिली पेटी अजून निघायची आहे.

लक्ष्मीपूजनाला त्यांनी मला बोलावले होते. पाटावर वही होती, आणि वहीशेजारी त्या अर्जाचा कागद. तिने वहीला हळदकुंकू वाहिले, मग कागदालाही वाहिले. मीही नमस्कार केला. पण यंदा पेढा तोंडात घालून काही बोललो नाही.