वीटभट्टीपासून ८०० मीटर

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये वीटभट्ट्यांसाठी नवे नियम जारी केले. भट्टी वस्तीपासून व फळबागेपासून किमान ८०० मीटर दूर असावी, दोन भट्ट्यांमध्ये किमान एक किलोमीटर अंतर असावे, असे त्यांत म्हटले आहे. दिल्लीच्या नकाशावर हे अंतर क्षुल्लक वाटेल. जामखेड तालुक्यात ते शोधू गेल्यास काय आढळते? अहिल्यानगर जिल्ह्याच्या या अवर्षणप्रवण टापूत शेतकरी केवळ गावठाणात राहत नाही. विहिरीच्या आधाराने तो आपल्या रानातच वस्ती करतो. एका वस्तीवरून दुसरीवर हाक ऐकू जाते. मध्ये कोठे लिंबोणी, कोठे डाळिंब. नियम अक्षरशः लावला तर भट्टीला जागा उरणे कठीण.

म्हणून नियमच नको, असे मात्र कोणी समजू नये. भट्टीलगतच्या वस्तीवरील म्हातारी माणसे आणि पोरे रात्रभर कोळशाचा धूर घेतात, फळझाडांच्या पानांवर काजळी बसते. हा विटेच्या उत्पादनखर्चाचाच भाग होय. तो भट्टीवाल्याच्या वहीत न चढता शेजाऱ्याच्या छातीत चढतो, इतकेच. आणि सर्वांत आधी धूर पोचतो तो भट्टीच्या पायथ्याशी खोपी घालून राहणाऱ्या मजूर कुटुंबांपर्यंत. ८०० मीटरचे मोजमाप करताना ही खोपी कोणाच्याच हिशेबात वस्ती ठरत नाही!

याच नियमांनी भट्टीची पद्धतही बदलावयास सांगितली आहे. उष्ण हवा विटांच्या थरांतून नागमोडी फिरविणारी ‘झिगझॅग’ भट्टी, उभ्या शाफ्टची भट्टी किंवा नळाचा वायू, यांवाचून गत्यंतर नाही. झिगझॅग भट्टीत कोळसा वाचतो व धूर कमी होतो, हे खरे. परंतु तिला पक्के बांधकाम, पंखा आणि मोठे सलग उत्पादन लागते. दिवाळीनंतर माती मळून पावसाळ्यापूर्वी दोन-चार भट्ट्या लावणाऱ्या कुंभाराने हे भांडवल आणावे कोठून? महाराष्ट्रात कुंभार समाजाला ५०० ब्रासपर्यंत मातीचे स्वामित्वधन माफ आहे. माफ मातीने पंखा फिरत नाही. नियमपालनाचा खर्च लहानमोठ्यांना सारखाच येतो, तेव्हा लहान धंदा मोडतो आणि मोठ्याला बाजार मोकळा मिळतो.

आता दुसरी बाजू पाहावी. २८ मार्च २०२० रोजी, देश टाळेबंदीत असताना, याच मंत्रालयाने रस्ते, जलवाहिन्या यांसारख्या प्रकल्पांसाठी साधी माती उपसण्यास पर्यावरण मंजुरीतून सूट दिली. किती माती, कोठून, याला मर्यादा नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये ती सूट रद्द केली. २०२५ मध्ये ती प्रमाणाची मर्यादा घालून परत आली. कुंभाराला मीटरपट्टी आणि महामार्गाच्या ठेकेदाराला सवलत!

घरबांधणीच्या नियमांतही हाच न्याय दिसतो. डिसेंबर २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीने १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर घर बांधणे पुष्कळ सोपे केले. तथापि ही सवलत कागद नीट असलेल्या भूखंडाला आहे. तुकडेबंदीमुळे ज्याचा गुंठा स्वतंत्र सातबाऱ्यावर चढलाच नाही, त्याला ती कशी लाभावी? असे जुने तुकडे विनाशुल्क नियमित करण्याचे शासनाने २०२५ मध्ये ठरविले, हे स्वागतार्ह. पण ते घर उभे राहावयाचे तर त्याला वीट लागणारच, आणि ती स्वस्तातच हवी.

जामखेडला यातून वाट काढणे अशक्य नसावे. १९७० च्या दशकात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी येथेच निरक्षर स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले आणि डॉक्टरांचे मानले गेलेले कितीतरी काम गावाच्या हाती सोपविले. भट्टीची जागा ठरविण्याचे काम ग्रामसभेला का जमू नये? वारा कोणत्या दिशेने वाहतो, कोणते रान पडीक आहे, हे तिला जिल्ह्याच्या कचेरीपेक्षा चांगले ठाऊक असते. पाच-दहा कुंभारांची सहकारी संस्था करून एक सामायिक सुधारित भट्टी उभारावी, तिचा भांडवली खर्च शासनाने उचलावा. साखर कारखान्यांच्या भागभांडवलात वाटा घेणाऱ्या राज्याला हा खर्च जड वाटू नये. ती भट्टी पेटण्यापूर्वी मजुरांची घरे धुरापासून दूर बांधून झालेली असावीत, ही परवान्याची पहिली अट असावी.