विश्लेषण : चूक समोरच्याची, मग विम्यातली कपात आपल्या खिशातून का?

तारकर्लीहून देवबागकडे जाणारा रस्ता अरुंद. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी. सुट्ट्यांत पर्यटकांच्या गाड्या वाढल्या की आरसे तुटणे, बंपर घासणे ठरलेलेच. चूक समोरच्याची असली तरी दुरुस्तीचा सगळा खर्च आपली विमा कंपनी देत नाही. उरलेले पैसे कोणाकडून घ्यायचे?

किती रक्कम अडकते?

खासगी मोटारीच्या ‘ओन डॅमेज’ दाव्यात १५०० सीसीपर्यंत १,००० आणि त्यापुढे २,००० रुपयांची सक्तीची कपात होते. हप्ता कमी व्हावा म्हणून ऐच्छिक कपात स्वीकारली असेल तर तीही वर. पण खरा फटका घसाऱ्याचा. ‘झिरो डेप’ नसेल तर प्लास्टिक, रबराच्या भागांची निम्मीच किंमत मिळते आणि हल्लीचे बंपर प्लास्टिकचेच! शिवाय ५० टक्क्यांपर्यंत साठलेला ‘नो क्लेम बोनस’ जातो.

कायदा काय म्हणतो?

ही रक्कम नुकसान करणाऱ्याचे देणे आहे. त्याच्या थर्ड पार्टी विम्यात मालमत्तेची भरपाईही येते. खासगी मोटारीसाठी साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत. मालकाने हप्ता वाचवण्यासाठी मर्यादा ६,००० रुपयांवर आणली असेल, तर मात्र उरलेले त्याच्याकडूनच वसूल करावे लागते.

दाद मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मागता येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ नुसार अपघात झाला तिथे, अर्जदार राहतो तिथे किंवा प्रतिवादी राहतो तिथे अर्ज चालतो. म्हणजे चालक पुण्याचा असला तरी देवबागच्या माणसाला ओरोसलाच दावा करता येतो. कायद्यातली मुदत अपघातापासून सहा महिने. वाद एक लाखाहून कमी रकमेचा असेल तर पुढे अपील नाही. आपल्या कंपनीने दिलेले पैसे मात्र दुसऱ्यांदा मागता येत नाहीत. मागायचे ते न मिळालेलेच.

मग अडते कुठे?

दोन हजारांसाठी वकील आणि ओरोसच्या फेऱ्या कोणाला परवडणार? धडक देणाऱ्यालाही हे ठाऊक असते. त्यामुळे अशी बहुतेक प्रकरणे रस्त्यावरच मिटतात. गाड्या हलवण्याआधी फोटो, समोरच्याचा नंबर, परवाना आणि विमा पॉलिसीचा फोटो घ्यावा. मालवण पोलीस ठाण्यात नोंद करावी. जागेवर रोख घेतलीच, तर ती फक्त कपात आणि घसाऱ्यापोटी असल्याचे लिहून घ्यावे. ‘सर्व भरपाई मिळाली, तक्रार नाही’ अशी चिठ्ठी देऊ नये. त्या ओळीमुळे आपल्या कंपनीचा वसुलीचा हक्क बुडतो आणि ती आपलाच दावा अडवू शकते.